पाठराखीण प्रथिने : साखळण्यापासून होणारे रक्षण आणि त्या रक्षणाची मर्यादा

कोंबडीच्या अंड्यातील पांढरा द्रव उकळत्या पाण्यात थोड्याच मिनिटांत घट्ट आणि अपारदर्शक होतो, आणि पाणी निवल्यावर तो पुन्हा पातळ होत नाही. स्वयंपाकघरातील या नित्याच्या घटनेत जीवरसायनशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिनांचे प्रमाण सुमारे दहा टक्के असते. उरलेले बहुतेक पाणीच. मनुष्याच्या डोळ्यातील भिंगात हेच प्रमाण वजनाच्या एकतृतीयांशाच्या घरात जाते. भिंगाचा मध्यभाग जन्मापूर्वीच घडलेला असतो. त्यातून आयुष्यभर प्रकाश आरपार जात राहतो आणि त्यातील प्रथिने कधीही नव्याने बदलली जात नाहीत. असे असूनही ते भिंग साठ-साठ वर्षे पारदर्शक राहू शकते. अंडे उकळते ते शंभर अंशांवर आणि डोळा राहतो शरीराच्या तापमानात, हा भेद खराच. परंतु अंड्याची परीक्षा मिनिटांची असते, भिंगाची दशकांची.

भिंग गढूळ का होते, हा प्रश्न वैद्यकाने फार पूर्वीपासून विचारला आहे. ते इतकी वर्षे गढूळ का होत नाही, हा प्रश्न मात्र त्या मानाने अलीकडचा आहे. त्याचे उत्तर ज्या प्रथिनांमध्ये सापडले, त्यांचे कार्य इतर प्रथिनांना एकमेकांना चिकटून गुठळ्या होण्यापासून वाचवणे हे आहे. ही प्रथिने कशी सापडली, त्यांना मिळालेले नाव कोठून आले, ती नेमके काय करतात आणि त्यांच्या सामर्थ्याला मर्यादा कोठे पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. घडी आणि गुठळी

प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची साखळी. वीस प्रकारची अम्ले एका ठरावीक क्रमाने गुंफली जाऊन ही साखळी बनते. परंतु नुसती लांबलचक साखळी काही कामाची नसते. ती स्वतःभोवती वळून, दुमडून एक निश्चित आकार घेते, तेव्हाच तिला तिचे कार्य करता येते. या आकाराला मराठीत ‘घडी’ म्हणणे सोयीचे आहे; कारण घडी बसते, मोडते आणि विस्कटते, आणि प्रथिनाच्या बाबतीत या तिन्ही क्रिया घडतात.

घडी का बसते? साखळीतील काही अम्ले जलस्नेही असतात, तर काही जलद्वेषी. पेशीतील पाण्यात जलद्वेषी भाग आत दडतात, जलस्नेही भाग बाहेर राहतात, आणि त्यामुळे साखळीला आटोपशीर आकार येतो. हा आकार देण्यासाठी बाहेरच्या कोणाची गरज लागते काय, या प्रश्नाचे अभिजात उत्तर अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ क्रिस्तियन अन्फिन्सेन यांनी १९६०च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून मिळाले. रायबोन्यूक्लिएज हे १२४ ॲमिनो अम्लांचे एंझाइम त्यांनी निवडले. त्यात गंधकयुक्त सिस्टीनचे आठ घटक असून ते दोन-दोन जोडले जाऊन चार बंध तयार होतात. आठ घटकांच्या अशा जोड्या १०५ प्रकारांनी लावता येतात; नैसर्गिक प्रथिनात त्यांपैकी एकच प्रकार आढळतो. अन्फिन्सेन यांनी हे बंध तोडले आणि युरियाच्या द्रावणात साखळी पूर्णपणे उलगडली. नंतर ती रसायने काढून टाकून साखळीला योग्य परिस्थितीत ठेवताच ती आपोआप मूळ आकारात परतली आणि एंझाइमचे कार्यही पूर्ववत सुरू झाले. घडीची सर्व माहिती अम्लांच्या क्रमातच सामावलेली असते, हा यातून निघालेला सिद्धान्त. या कार्यासाठी अन्फिन्सेन यांना १९७२च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा सहभाग मिळाला.

हा सिद्धान्त आजही अबाधित आहे. तथापि तो ज्या परिस्थितीत सिद्ध झाला ती परिस्थिती पेशीतली नव्हती. परीक्षानळीतील द्रावण विरल होते आणि प्रथिन लहान होते. जिवंत पेशीत प्रथिने व इतर महारेणू यांची एवढी दाटी असते की एका लिटरमागे त्यांचे वजन दोनशे ते चारशे ग्रॅमपर्यंत भरते. या दाटीचा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. घडी बसणे हे एकट्या साखळीचे काम आहे. शेजारी किती साखळ्या आहेत यावर तिचा वेग अवलंबून नसतो. गुठळी होण्यासाठी मात्र दोन उघड्या साखळ्यांची भेट व्हावी लागते. संख्या दुप्पट झाली तर भेटीचे प्रसंग चौपट होतात. म्हणूनच दाटी जितकी अधिक, तितके पारडे गुठळीच्या बाजूला झुकते.

तापमान वाढले, अम्लता बदलली किंवा एखादे विषारी द्रव्य पेशीत शिरले की प्रथिनाची घडी सैल होते. आत दडलेले जलद्वेषी भाग उघडे पडतात. पाण्यापासून दूर जाण्याची त्यांची ओढ कायमच असते. पण आता स्वतःच्या साखळीत आसरा घेण्याऐवजी ते शेजारच्या साखळीतील तशाच उघड्या भागाला जाऊन मिळतात. तिला तिसरी चिकटते, तिसरीला चौथी. रक्त साखळते त्याप्रमाणे प्रथिने साखळतात. अंड्याचा पांढरा भाग शिजतो तेव्हा नेमके हेच घडते. आणि पाणी निवल्यावर तो पुन्हा पातळ का होत नाही हेही यावरून उमगते. प्रत्येक साखळीला आपली घडी ‘ठाऊक’ असते, परंतु शेजारणींच्या गुंत्यातून तिची सुटका होत नाही.

२. फळमाशीच्या गुणसूत्रांवरील फुगवटे

या संकटाविरुद्ध पेशीजवळ काही तजवीज असली पाहिजे, याची पहिली खूण प्रथिनांच्या अभ्यासातून न मिळता गुणसूत्रांच्या अभ्यासातून मिळाली. इटालियन अनुवंशशास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा हे फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील महाकाय गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. या गुणसूत्रांवर जेथे जनुक कार्यरत असते तेथे फुगवटा दिसतो. रितोसा यांनी पुढे स्वतः सांगितल्याप्रमाणे, प्रयोगशाळेतील कोणीतरी उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले होते, आणि त्या पेटीतील ग्रंथींत नेहमीपेक्षा निराळ्या जागी फुगवटे दिसू लागले. हे निरीक्षण त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. उष्णतेखेरीज डायनायट्रोफेनॉलसारख्या रसायनानेही तेच फुगवटे उमटतात, असे त्यांना आढळले. संकट कोणतेही असो, उत्तर मात्र एकच, हे त्यातील मर्म होते.

या फुगवट्यांतून काय निर्माण होते हे कळण्यास बारा वर्षे लागली. १९७४ साली आल्फ्रेड टिसिएर, हर्शेल मिचेल आणि उर्सुला ट्रेसी यांनी दाखवून दिले की तापमान वाढवल्यावर फळमाशीच्या पेशी इतर प्रथिनांचे उत्पादन आखडते घेतात आणि मोजक्याच काही प्रथिनांचे उत्पादन झपाट्याने वाढवतात. इंग्रजीत या प्रथिनांना मिळालेल्या नावाचे शब्दशः भाषांतर ‘उष्माघात प्रथिने’ असे होईल. परंतु उष्माघात हा शब्द मराठीत उन्हाच्या तडाख्याने येणाऱ्या आजारासाठी रूढ असल्याने येथे ‘तापाघात प्रथिने’ असा शब्द योजला आहे. जीवाणू, किण्व, वनस्पती, मनुष्य अशा परस्परांपासून अतिशय दूरच्या जीवांत ही प्रथिने पुढील काही वर्षांत आढळली. त्यांच्या रेणुभारांवरून त्यांना ६०, ७०, ९० असे क्रमांक मिळाले.

ताप ही सापेक्ष गोष्ट आहे, हेही याच अभ्यासातून स्पष्ट झाले. सदतीस अंश सेल्सिअस हे मनुष्याचे स्वाभाविक तापमान. पंचवीस अंशांत सुखाने वाढणाऱ्या फळमाशीला तेच संकट वाटते. मग पेशीला संकट कळते ते कशावरून? १९८६ साली आनंतन, गोल्डबर्ग आणि व्होएल्मी यांनी बेडकाच्या अंडपेशीत घडी विस्कटलेली प्रथिने टोचली, तेव्हा तापमान मुळीच न वाढवताही तापाघात प्रथिनांची जनुके जागी झाली. अर्थात पेशीला इशारा मिळतो तो विस्कटलेल्या प्रथिनांकडून. त्याच वर्षी ह्यू पेलहॅम यांनी असा तर्क मांडला की तापाघात प्रथिने उघड्या पडलेल्या जलद्वेषी भागांना धरून त्यांची गुठळी होऊ देत नसावीत.

३. एका नावाचा प्रवास

या प्रथिनांना आज जगभर ‘शॅपरोन’ या नावाने ओळखले जाते. या शब्दाचा इतिहास विषयाच्या आकलनाला उपकारक आहे. मुळात फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ डोक्यावरून घ्यावयाचे आच्छादन, म्हणजे आपल्याकडील कुंचीसारखे वस्त्र. त्यावरून लक्षणेने तो अविवाहित तरुणीसोबत समारंभाला जाणाऱ्या प्रौढ स्त्रीला लागू झाला. अनिष्ट संगतीपासून तरुणीला जपणे हे तिचे काम. वस्त्राकडून व्यक्तीकडे गेलेला हा शब्द पुढे रेणूकडे गेला.

हे तिसरे स्थित्यंतर १९७८ साली घडले. रॉन लॅस्की आणि त्यांचे सहकारी झेनोपस जातीच्या बेडकाच्या अंड्यांतील न्यूक्लिओप्लाझ्मिन या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. गुणसूत्रांत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. डीएनए ऋणभारित आणि हिस्टोन धनभारित. पेशीत असते तेवढ्या क्षारतेच्या द्रावणात दोन्ही नुसती मिसळली तर त्यांचा साका तळाशी बसतो. न्यूक्लिओप्लाझ्मिन असेल तर ते हिस्टोनांना आधी धरून ठेवते, घाईची झटापट टळते आणि योग्य रचना तयार होते. रचना तयार झाल्यावर न्यूक्लिओप्लाझ्मिन तिच्यात राहत नाही. या वर्तनासाठी लॅस्की यांनी ‘रेण्वीय शॅपरोन’ असा शब्दप्रयोग केला.

तो प्रयोग एकाच प्रथिनापुरता होता. त्याला व्यापक अर्थ दिला तो इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठाचे जॉन एलिस यांनी. वाटाण्याच्या हरितलवकांत रुबिस्को हे कर्बग्रहण करणारे एंझाइम कसे जुळते, हा त्यांचा विषय होता. आठ मोठे व आठ लहान घटक मिळून हे एंझाइम बनते. नव्याने तयार झालेले मोठे घटक जुळणीपूर्वी दुसऱ्याच एका प्रचंड प्रथिनाशी जोडलेले आढळतात, असे १९८० साली त्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले होते. न्यूक्लिओप्लाझ्मिन, रुबिस्कोला धरणारे प्रथिन आणि तापाघात प्रथिने यांचे कार्य मुळात एकच आहे, अशी संगती लावून १९८७ साली एलिस यांनी या सर्वांसाठी ते नाव सुचवले. दुसऱ्याच वर्षी असे दिसून आले की रुबिस्कोला धरणारे ते प्रथिन आणि जीवाणूंतील ग्रो-ईएल हे प्रथिन यांचा अम्लक्रम एकमेकांशी जुळतो. ग्रो-ईएल १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ओळखले गेले होते, ते जीवाणुभक्षी विषाणूंच्या वाढीला लागणारे प्रथिन म्हणून. तीन ठिकाणी स्वतंत्रपणे जमा झालेली निरीक्षणे एका शब्दाने एकत्र आणली. नवा शब्द म्हणजे कित्येकदा नवा विचारच असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मराठीत या अर्थाला अगदी जवळचा शब्द आहे तो ‘पाठराखीण’. नववधू प्रथम सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत माहेरची एखादी स्त्री पाठवण्याची पद्धत होती, आणि कित्येक घरांत अजूनही आहे. धाकटी बहीण, आत्या, मावशी किंवा आजी. करवलीचे काम विवाहसोहळ्यापुरते असते. पाठराखीण सासरच्या उंबरठ्यापलीकडे जाते. नवख्या घरात वधू रुळेपर्यंत ती सोबत करते आणि चार दिवसांनी माघारी येते. ती त्या घरची होत नाही. एलिस यांच्या व्याख्येतील दोन्ही अंगे या शब्दात आहेत : अयोग्य जवळीक टाळणे हे एक, आणि अंतिम रचनेचा भाग न होणे हे दुसरे. किंबहुना दुसरे अंग मूळ फ्रेंच शब्दापेक्षा मराठी शब्दात अधिक स्पष्ट आहे. मात्र ‘पाठराखण करणे’ या प्रयोगाला आज एखाद्याची बाजू घेणे, आणि तीही पुष्कळदा चुकीच्या माणसाची, असा अर्थ आला आहे. म्हणून परिभाषेसाठी ‘पाठराखीण’ हे नाम अधिक निर्दोष ठरते.

४. धरणे, घडवणे, सोडवणे

पाठराखीण प्रथिने घडी ‘शिकवीत’ नाहीत. घडी अम्लांच्या क्रमातच असते, हा अन्फिन्सेन यांचा सिद्धान्त त्यांच्या शोधाने बाधित होत नाही. घडी बसेपर्यंत चुकीची संगत घडू नये, एवढेच त्या पाहतात. परंतु हे काम करण्याच्या त्यांच्या रीती निरनिराळ्या आहेत, आणि त्यांत स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार केवळ धरून ठेवणाऱ्यांचा. लघु तापाघात प्रथिने या गटात येतात. सैल झालेल्या प्रथिनाचा उघडा जलद्वेषी भाग त्या झाकतात आणि त्याला विद्राव्य अवस्थेत सांभाळतात. यासाठी त्यांना ऊर्जा खर्च करावी लागत नाही.

दुसरा प्रकार धरून सोडणाऱ्यांचा. सत्तर क्रमांकाचे तापाघात प्रथिन साखळीचा एखादा जलद्वेषी तुकडा पकडते, थोड्या वेळाने सोडते, पुन्हा पकडते. आणि सोडल्याच्या प्रत्येक अवधीत साखळीला घडी बसवण्याची संधी मिळते. या धरसोडीला एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे इंधन लागते. याच प्रकारात ग्रो-ईएलही मोडते. त्याचे चौदा घटक सात-सातांच्या दोन कड्यांत रचलेले असून प्रत्येक कड्याच्या मध्यभागी पोकळी असते. विस्कटलेली साखळी पोकळीत शिरते, वर सात घटकांचे झाकण बसते, आणि काही क्षण ती साखळी पेशीच्या गर्दीपासून पूर्णपणे अलग होते. अन्फिन्सेन यांच्या परीक्षानळीतील एकांत पेशीने असा स्वतःपुरता निर्माण केला आहे. सूत्रकणिकांतील याच कुळातील प्रथिन नसेल तर तेथे आलेली प्रथिने घडी न बसता साखळतात, हे फ्रान्झ-उलरिख हार्टल आणि आर्थर हॉर्विक यांनी १९८९ साली किण्वाच्या पेशींत दाखवले. या दोघांना २०११ साली लास्कर पारितोषिक देण्यात आले.

तिसरा प्रकार झालेली गुठळी सोडवणाऱ्यांचा. एकदा साखळलेले प्रथिन कायमचे गेले, असे दीर्घकाळ मानले जाई. १९९४ साली सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटाने किण्वातील १०४ क्रमांकाचे तापाघात प्रथिन गुठळ्या विरघळवते असे दाखवले. सत्तर क्रमांकाच्या प्रथिनाच्या साहाय्याने ते गुंत्यातून एकेक साखळी ओढून काढते. जीवाणूंतही याच्या जोडीचे प्रथिन आहे.

हे तीन प्रकार एकमेकांपासून तुटक नाहीत. लघु तापाघात प्रथिनाने सांभाळलेले एंझाइम पुढे सत्तर क्रमांकाच्या प्रथिनाच्या हाती दिले तर ते पुन्हा कार्यक्षम होते, असे १९९७ साली परीक्षानळीतील प्रयोगांतून दिसून आले. म्हणजे धरून ठेवणे ही पहिली पायरी आहे. तिची सार्थकता पुढे कोणीतरी हाती घेणारे असण्यावर अवलंबून आहे. हा मुद्दा नेत्रभिंगाच्या संदर्भात निर्णायक ठरतो.

५. नेत्रभिंगातील पाठराखीण

भिंगातील बहुतेक सर्व प्रथिने क्रिस्टलिन या नावाने ओळखली जातात आणि मनुष्यात त्यांचे अल्फा, बीटा व गॅमा असे तीन वर्ग आहेत. प्रकाशाचे वक्रीभवन घडवणे हे त्यांचे काम, आणि तेवढेच, अशी समजूत बराच काळ होती. १९८२ साली थॉमस इंगोलिया आणि एलिझाबेथ क्रेग यांना फळमाशीची चार लघु तापाघात प्रथिने अम्लक्रमाने सस्तन प्राण्यांच्या अल्फा-क्रिस्टलिनसारखी असल्याचे आढळले. माशीच्या ताप सहन करण्याचा आणि डोळ्याच्या भिंगाचा संबंध काय, हे कोडे दहा वर्षे तसेच राहिले. १९९२ साली कॅलिफोर्नियातील जोसेफ हॉर्विट्झ यांनी ते सोडवले. बीटा व गॅमा क्रिस्टलिन तसेच काही एंझाइमे यांची द्रावणे तापवली असता ती गढूळ होतात. परंतु त्यांत आधीच अल्फा-क्रिस्टलिन मिसळले असेल तर द्रावण स्वच्छ राहते. भिंगातील एक मुख्य प्रथिन स्वतःच पाठराखीण आहे, हे यावरून सिद्ध झाले.

अल्फा-क्रिस्टलिनचे ए आणि बी असे दोन भाऊबंद आहेत. ए मध्ये १७३ आणि बी मध्ये १७५ ॲमिनो अम्ले असतात. भिंगात त्यांचे प्रमाण साधारणतः तीनास एक असे असून दोहोंचे मिळून तीस-चाळीस घटक एकत्र येऊन मोठे गोलक बनतात. त्यांची संख्या आणि आकार ठाम नसतो. घटक सतत एका गोलकातून दुसऱ्यात जात-येत असतात. अल्फा-बी हृदय, स्नायू आणि मेंदू यांतही आढळते, आणि पेशीवर ताण आला की तेथे त्याचे प्रमाण वाढते. अल्फा-क्रिस्टलिनची राखण करण्याची शक्ती तापमानाबरोबर वाढते, ही महत्त्वाची गोष्ट हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात चिंतलगिरी मोहन राव आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४-९५च्या सुमारास दाखवली. तापमान तीस अंशांपलीकडे गेले की गोलकाच्या रचनेत बदल होतो आणि अधिक जलद्वेषी पृष्ठभाग उपलब्ध होतो. थोडक्यात, संकट वाढते तशी पाठराखीण अधिक सज्ज होते.

या प्रथिनात बिघाड झाला तर काय होते याचाही पुरावा आहे. १९९७ साली अल्फा-ए चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची भिंगे गढूळ झाल्याचे आढळले. १९९८ साली एका कुटुंबातील जन्मजात मोतीबिंदूचे कारण अल्फा-ए मधील ११६व्या स्थानावरचे एकच ॲमिनो अम्ल बदलणे हे असल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी अल्फा-बी मधील १२०व्या स्थानावरचा बदल एका कुटुंबात स्नायूंच्या विकारास आणि मोतीबिंदूस कारण झाल्याचे दिसले.

६. जिला माघारी येता येत नाही

येथवर पाठराखिणीची उपमा पूर्णपणे लागू पडते. आता ती कोठे अपुरी पडते ते पाहिले पाहिजे, कारण रोगाचे मूळ नेमके तेथे आहे.

भिंगातील तंतुपेशी पक्व होताना आपले केंद्रक, सूत्रकणिका आणि प्रथिने बनवणारी रायबोसोमे टाकून देतात. प्रकाशाच्या मार्गात अडथळा नको म्हणून दिलेली ही किंमत आहे. त्यानंतर त्या पेशीत नवे प्रथिन बनणे शक्य नसते. याचा लक्षणीय पुरावा २००८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला. १९५० ते १९६३ या काळातील अणुबाँबच्या चाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण वाढले आणि नंतर हळूहळू उतरत गेले. मृत व्यक्तींच्या भिंगातील क्रिस्टलिनमध्ये या कार्बनचे प्रमाण मोजले असता ते त्या व्यक्तीच्या जन्मकाळच्या वातावरणाशी जुळते, असे आढळले. जन्माच्या वेळी भिंगात ठेवलेले प्रथिन मृत्यूपर्यंत तेच राहते.

अशा स्थितीत काळ जातो तसतशी क्रिस्टलिनांची झीज होते. अतिनील प्रकाश, ऑक्सिडीकरण, शर्करेचे चिकटणे, काही ॲमिनो अम्लांच्या रचनेतील मंद बदल या सर्वांमुळे एकेक रेणूची घडी सैल होते. अल्फा-क्रिस्टलिन त्याला धरते. पण पुढे काय? सामान्य पेशीत त्याला सत्तर क्रमांकाचे प्रथिन हाती घेईल, एटीपी खर्चून त्याची घडी बसवील, नाहीतर पेशी त्याचा निचरा करील. भिंगाच्या मध्यभागी हा पुढचा हात जवळजवळ नाहीच. पाठराखीण जिला धरते तिला सोडू शकत नाही, आणि तिची जागा घेणारी दुसरीही येऊ शकत नाही. धरलेल्या प्रत्येक रेणूबरोबर मोकळ्या अल्फा-क्रिस्टलिनचा साठा घटत जातो. तो कधी भरून येत नाही.

हा साठा केव्हा संपतो? मनुष्याच्या भिंगाच्या मध्यभागात वयाच्या चाळिशीनंतर मुक्त, विद्राव्य अल्फा-क्रिस्टलिन जवळजवळ उरत नाही, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. जवळचे अक्षर वाचण्यास चष्मा लागू लागतो तोही याच वयात. मराठीत त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात. भिंग ताठर होऊन त्याची लवचिकता जाणे हे त्याचे कारण. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध असावा, असे अनुमान ऑस्ट्रेलियातील रॉजर ट्रस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडले. ते बरोबर असेल तर बोलीभाषेने वयाच्या नावावरून ओळखलेली ही स्थिती म्हणजे राखणदारांचा साठा आटल्याची पहिली जाणीव होय. त्यानंतर सैल होणाऱ्या रेणूंना धरणारे कोणी राहत नाही. साखळलेले पुंज मोठे होत जातात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो, आणि आणखी काही दशकांनी मोतीबिंदू दिसू लागतो.

हा विषय केवळ प्रयोगशाळेच्या कुतूहलाचा नाही. जगातील अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदू अग्रभागी आहे आणि भारतातही तेच प्रमुख कारण आहे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा मोठा भर त्याच्यावरच राहिला. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणे हाच आजही त्यावरचा खात्रीचा उपाय आहे, आणि तो अत्यंत यशस्वी आहे. परंतु शस्त्रक्रिया साखळलेले प्रथिन काढून टाकते. साखळणे थांबवत नाही. ते लांबवावयाचे असेल तर अल्फा-क्रिस्टलिनला स्थैर्य देणारे, किंवा त्याच्यावरील भार कमी करणारे द्रव्य शोधावे लागेल, आणि त्या दिशेने प्रयत्न चालू आहेत. दीर्घायुषी मज्जापेशींतही प्रथिने साखळून पुंज होतात. पार्किन्सन व अल्झायमर यांसारख्या व्याधींत असे पुंज आढळतात. भिंगाच्या अभ्यासाला म्हणूनच डोळ्यापलीकडचे महत्त्व आहे.

शास्त्रीय संज्ञा लक्षणेतून जन्मली की ती विचाराला वाट दाखवते. ‘शॅपरोन’ या शब्दाने विखुरलेल्या निरीक्षणांना एकत्र आणले, हे वर आलेच आहे. परंतु लक्षणेची दुसरी बाजू अशी की, जे तिच्यात बसत नाही ते नजरेआड होण्याचा संभव असतो. सोबत करून माघारी येणे हे पाठराखिणीचे लक्षण. म्हणून रक्षण म्हणजे कधी न संपणारी सेवा, असा भास होतो. नेत्रभिंगाचे उदाहरण तो भास दूर करते. प्रथिनांचे रक्षण ही सतत चालणारी देवघेव आहे. धरणाऱ्याला सोडता आले, सोडलेल्याला घेणारे कोणी असले आणि झिजलेल्याच्या जागी नवे येत राहिले, तरच ती चालते. यांपैकी काहीच शक्य नसते तेथे रक्षण हा एक ठेवा असतो, आणि त्यावरच संपूर्ण आयुष्य काढावयाचे असते. मनुष्याचे भिंग त्या ठेव्यावर पाच-सहा दशके स्वच्छ राहते. मोतीबिंदूचा विचार या सामर्थ्यापासून सुरू झाला, तर त्याच्या कारणांचा माग अधिक अचूकपणे घेता येईल.